विद्यापीठ-कॉलेजातल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी संगणक प्रशिक्षण : आराखडा करतोय, अनुभव सांगा

मोहफूल

नमस्कार मंडळी.

विदर्भातल्या एका विद्यापीठात आस्थापना विभागात आहे. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी पायाभूत संगणक प्रशिक्षणाचा आराखडा करून द्या, असं काम माझ्याकडं आलंय. विद्यापीठातले लिपिक, प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालयातले लोक, शिपाई आणि तालुक्यातालुक्यातल्या संलग्न कॉलेजांचे ऑफिसवाले, सगळे त्यात धरायचे आहेत. नव्या मशिनींसाठी पैसे नाहीत. एक लॅब, त्यातले चालू स्थितीतले पीसी आणि शिकवायची तयारी असलेले आमचेच काही जण, एवढ्यात बसवायचं आहे.

सुरुवातीलाच एका वरिष्ठांनी विचारलं, "सगळ्यांची एमएस-सीआयटी झाली ना बाप्पा, मग आता हे आणखी काहून?" प्रश्न रास्त आहे. एमएस-सीआयटी २००१ पासून आहे, सरकारी नोकरीत संगणक अर्हता लागते, त्यामुळं बहुतेकांच्या सेवापुस्तकात प्रमाणपत्राची नोंद आहेच. पण ऑफिसात रोज काय चालतं ते बघा. टिपणी हातानं लिहायची, ऑपरेटरच्या टेबलावर ठेवायची, त्यानं टाइप करायची, प्रिंटवर लाल पेनानं दुरुस्ती व्हायची, कागद परत ऑपरेटरकडं. ऑपरेटर सुटीवर गेला की विभाग थांबला. निवृत्त होणाऱ्या माणसाची पेन्शनची केस असो की पोरीचं मायग्रेशन सर्टिफिकेट, सगळं एका माणसाच्या हजेरीवर. खेड्यातून येणाऱ्या पोराला याचा फटका जास्त बसतो. तो रोजी पाडून, दोन एस.टी. बदलून येतो आणि त्याला "परवा या" असं सांगितलं जातं. परवा यायला पुन्हा तेवढंच भाडं लागतं.

माझं मत असं झालंय की लोकांना संगणक शिकवला गेला, पण त्यांचं काम संगणकावर कसं करायचं ते कोणी शिकवलं नाही. वाढदिवसाचं कार्ड करायला शिकलेल्या माणसाच्या टेबलावर सेवाज्येष्ठता यादी पडलेली असते. दोन्हीचा मेळ त्यानं स्वतःच घालायचा, आणि चुकलं तर जबाबदारी त्याची. मग तो माणूस पेनच हातात घेतो.

म्हणून आराखड्याचा कणा असा धरलाय : ज्याच्या टेबलावर जे काम आहे तेच शिकवायचं, त्याच्याच कागदावर. आस्थापनावाल्यानं रजेचं रजिस्टर घेऊन यायचं, परीक्षा विभागानं बैठक व्यवस्थेचा तक्ता, आवक-जावकच्या ताईंनी त्यांची वही, कॉलेजच्या बाबूनं शिष्यवृत्तीची यादी. पहिल्या दिवशी 'संगणकाचे भाग' नाही आणि पिढ्यांचा इतिहासही नाही. प्रत्येकानं मराठीत चार ओळींचं पत्र टाइप करायचं, त्याची पीडीएफ करायची आणि शेजारच्याला ईमेलनं पाठवायची. कोण कुठं अडलं त्यावरून गट पाडायचे. लेखी चाचणी नकोच.

एकूण २४ तास. आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास, सहा आठवडे. पाच दिवसांची सलग कार्यशाळा मुद्दाम टाळली आहे. तिथं चहा होतो, फोटो होतो, पण सहाव्या दिवशी टेबलावर बसल्यावर विचारायला कोणी नसतं. मधले दिवस सुटे ठेवले तर माणूस करून पाहील आणि अडलेलं घेऊन परत येईल.

विषय म्हणाल तर युनिकोड मराठी, फाइल ठेवणं आणि तिला नाव देणं, पत्र-टिपणी, एक्सेलमधली यादी, स्कॅन-पीडीएफ, ईमेल, पोर्टलवर माहिती भरणं, पासवर्ड-ओटीपीची काळजी. मला तीन ठिकाणी अडतंय : मराठी टायपिंग कोणत्या पद्धतीनं शिकवावं, शिपाई-परिचरांना काय शिकवावं आणि कंत्राटी लोकांना यात कुठं बसवावं. तुमच्याकडं काय चाललं, काय फसलं, सविस्तर सांगा.

जुना_टंकलेखक

मोहफूल भाऊ, टायपिंगबद्दल मी सांगतो, कारण माझा जन्म त्यातच गेला.

आमची पिढी रेमिंग्टनच्या मराठी मशीनवर शिकली. डोळे मिटून टाइप करतो. मशीन गेलं, संगणक आला, तेव्हा कृतिदेवसारखे फॉन्ट आले आणि आमचं निभावलं, कारण बोटं तीच राहिली. आता युनिकोड सक्तीचं झालं. ते बरोबरच आहे. कृतिदेवमध्ये संगणकाच्या दृष्टीनं तुम्ही इंग्रजी अक्षरंच टाइप करत असता, फक्त त्यांचा चेहरा मराठी असतो. दुसऱ्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की पत्राचा पार काला होतो. शोधायला गेलं तर नाव सापडत नाही, पोर्टलवर चिकटवलं तर कचरा दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळं पत्र कुठंही उघडलं तरी तसंच दिसतं. हे एवढं कारण नीट सांगितलं तर म्हाताराही पटवून घेतो. पण आम्हाला कोणी कारण सांगितलंच नाही. "आजपासून कृतिदेव बंद" एवढं परिपत्रक आलं.

माझी विनंती एवढीच आहे की रेमिंग्टनवाल्याला इनस्क्रिप्टवर, म्हणजे संगणकाच्या नव्या मराठी कीबोर्ड मांडणीवर, जबरदस्तीनं बसवू नका. रेमिंग्टनच्याच मांडणीत युनिकोड टाइप करता येतं, तशी साधनं मिळतात. आमच्या मशीनवर ते टाकून द्या. निवृत्तीला दोन-चार वर्षं राहिलेल्या माणसाच्या बोटांना नव्यानं शिकवण्यात त्याचा वेळ आणि मान दोन्ही जातात.

दुसरं, टायपिस्ट माणूस अडाणी नाही. त्याला मार्जिन माहीत आहे, टॅब माहीत आहे, परिच्छेद कुठं तोडायचा ते माहीत आहे. आजची पोरं स्पेसबार दाबून-दाबून रकाने जुळवतात आणि प्रिंट काढली की सगळं तिरपं. आम्ही टॅब लावूनच रकाने पाडत होतो. वर्डमध्ये वरच्या पट्टीवर तेच टॅब आहेत. तिथून सुरुवात करा, आमचा हात लगेच बसेल.

कापूसवेच

नव्या लोकांसाठी मात्र इनस्क्रिप्टच. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, महाप्राण बहुतेक शिफ्टवर. एकदा क सापडला की त्याच कळीवर शिफ्ट धरून ख मिळतो, त म्हटलं की शिफ्टवर थ. आठवडाभर रोज अर्धा तास दिला तर बोटं लागतात.

आमच्याकडच्या वर्गात लोकांचा पहिला प्रश्न काय असतो सांगू? "वऱ्हाड कसं लिहायचं?" आपल्या भागाचंच नाव लोकांना टाइप करता येत नाही, मग कोणी 'वर्हाड' लिहितं, कोणी अर्ध्या र च्या जागी आडवी रेघ टाकतं. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून 'जे' दाबलं की टिंबाचा ऱ येतो, मग 'डी' दाबून पाय मोडायचा, मग 'यू' दाबून ह. झालं ऱ्ह. हे एक जमलं की माणसाच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो बघण्यासारखा असतो. माझ्या मते पहिल्याच तासाला प्रत्येकाकडून स्वतःचं नाव, गावाचं नाव आणि वऱ्हाड टाइप करून घ्यावं.

भाषा बदलायला विंडोजची कळ धरून स्पेस. हे पहिल्या दिवशी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. अर्धे लोक टायपिंग येत नाही म्हणून अडत नाहीत, कीबोर्ड इंग्रजीत गेला तो मराठीत परत कसा आणायचा ते कळत नाही म्हणून अडतात.

पैनगंगाकाठ

मी परीक्षेच्या कामात आहे, त्यामुळं एक्सेलवर लिहितो. बाकी सगळं थोडं कमी शिकवलं तरी चालेल. एक्सेलमधली यादी मात्र नीट शिकवाच, कारण तिथली चूक थेट पोराच्या गुणपत्रिकेवर जाते.

आमच्याकडं पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, १६ अंकी आहे. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं, सोळाव्याच्या जागी शून्य टाकतं. तुम्ही टाइप करता ...४५१, ...४५२, ...४५३, आणि सेलमध्ये तिघांचाही शेवट ...४५० होतो. वरून दिसतंही नाही, कारण एवढा मोठा आकडा 'ई+१५' अशा रूपात झाकलेला असतो. बाबू रकान्याचं फॉरमॅट 'नंबर' करतो, आकडा पूर्ण दिसतो, समाधान होतं, फाइल सेव्ह होते आणि शेवटचा अंक कायमचा गेलेला असतो. नंतर फॉरमॅट बदलून तो परत येत नाही. आधारचा आकडा १२ अंकी, तो 'ई' मध्ये दिसला तरी आत शाबूत असतो. १६ अंकी मात्र खरोखर तुटतो. हा फरक लोकांना फळ्यावर लिहून नाही, त्यांच्या हातून करवून दाखवा. आधी मुद्दाम साध्या रकान्यात टाइप करायला सांगा, शून्य बघू द्या. मग नवा रकाना घ्या, आधी त्याचं फॉरमॅट 'टेक्स्ट' करा, मगच आकडे टाका.

त्यात आणखी एक मेख आहे. पोर्टलवरून उतरवलेली सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडली की एक्सेल स्वतःच त्याला संख्या समजतं आणि तेच होतं. ती 'डेटा' टॅबमधून आयात करायची आणि पीआरएनच्या रकान्याला टेक्स्ट सांगायचं. खातं क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य गळतं तेही याच कारणानं, आणि मग शिष्यवृत्तीचे पैसे परत जातात. पोरगी कॉलेजात खेटे घालते, बँकेत खेटे घालते, कोणालाच कारण सापडत नाही.

तारखांचंही बघा. मशीनची सेटिंग अमेरिकन पद्धतीची असेल तर ५ जूनची ६ मे होते, आणि १२ तारखेच्या पुढच्या तारखा तशाच मजकूर म्हणून पडून राहतात. एकाच रकान्यात अर्ध्या तारखा डावीकडं चिकटलेल्या, अर्ध्या उजवीकडं, असं दिसलं की ओळखायचं. लॅबमधल्या सगळ्या मशिनींचा प्रदेश 'भारत' करून घ्या, वर्ग सुरू करण्याआधी.

आणि सॉर्ट. एकच रकाना निवडून सॉर्ट केलं तर नावं हलतात, गुण जागेवर राहतात. एक्सेल विचारतं, निवड वाढवू का? घाईत माणूस दुसराच पर्याय दाबतो. त्या क्षणी कंट्रोल-झेड आठवलं तर वाचलात. माझ्या मते कंट्रोल-झेड ही शिकवायची पहिली कळ. मागं फिरता येतं हे कळलं की माणसाची भीती निम्मी होते.

ऑपरेटरताई

सगळे लिहितायत, ऑपरेटर सुटीवर गेला की विभाग थांबतो. ती ऑपरेटर मी आहे. म्हणजे तुमच्या विद्यापीठातली नाही, पण अशाच एका ऑफिसातली.

कंत्राटी आहे. वर्षाचा आदेश निघतो. दर वेळी मध्ये खंड देतात. तुमचा आराखडा चांगला आहे दादा, पण आमच्या बाजूनं एकदा वाचून बघा. उद्या सगळ्यांनी आपापली पत्रं टाइप केली तर मला पुढचा आदेश कोणत्या आधारावर मिळेल? आणि तुम्ही 'आमचेच काही जण शिकवतील' लिहिलंय, ते कोण? आम्हीच ना. ज्या माणसाची नोकरी या कामावर टिकली आहे त्यालाच हे काम सगळ्यांना वाटून द्यायला सांगताय, आणि तेही ऑफिसची वेळ सांभाळून, फुकट.

मला शिकवायला आवडतं. आमच्या विभागातल्या एका बाईंना मी शिकवलं, आज त्या रजेचा हिशोब एक्सेलवर ठेवतात आणि मला अभिमान वाटतो. पण आमच्याबद्दल काही ठरवल्याशिवाय हा कार्यक्रम आमच्या भरवशावर उभा करू नका.

मोहफूल

ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आराखड्यात ही बाजू नव्हती, आता घालतोच.

जे कंत्राटी ऑपरेटर शिकवतील त्यांना तासिकेप्रमाणं मानधन आणि कुलसचिवांच्या सहीचं प्रशिक्षक म्हणून अनुभवपत्र, असा प्रस्ताव टाकतोय. शिवाय टिपणीत स्पष्ट लिहितो की या प्रशिक्षणामुळं ऑपरेटरचं पद कमी करायचं नाही. पत्रं टाइप करण्यातून सुटलेला त्यांचा वेळ पोर्टलच्या कामाला द्यायचा. ते काम तुंबलेलंच आहे. विद्यापीठाच्या कामकाजाचं समर्थ, शिष्यवृत्तीचं महाडीबीटी, पगाराचं सेवार्थ, विद्यार्थ्यांच्या श्रेयांकांसाठी एबीसी आयडीची जोडणी, उच्च शिक्षणाची पाहणी म्हणजे ऐशे, मूल्यांकनवाल्या नॅकचा वार्षिक अहवाल, ही सगळी कामं गेल्या काही वर्षांत वाढली आणि माणसं तेवढीच राहिली. मंजूर होईल की नाही ते वरच्यांच्या हातात, पण लेखी तरी असेल.

वणीचा_वाघ

संघटनेच्या कामात आहे म्हणून विचारतो. याची परीक्षा, निकाल, सेवापुस्तकात नोंद वगैरे काही आहे का? संगणक अर्हतेच्या मुदतीवरून लोकांच्या वेतनवाढी अडकल्या, वसुल्या निघाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. ते ज्यानं सोसलंय तो 'प्रशिक्षण' म्हटलं की आधी घाबरतो. परिपत्रकाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा की याचा वेतनवाढीशी, गोपनीय अहवालाशी संबंध नाही. नाहीतर लोक येतील, सही करतील, आणि तोंड उघडून एकही शंका विचारणार नाहीत.

अधीक्षक आणि शिपाई एका बाकावर बसवणार का? बसवायला पाहिजे, माझं म्हणणं तेच आहे. पण अधीक्षकाला त्याच्याच शिपायासमोर "माऊस असा धरा" म्हणून सांगितलं तर दुसऱ्या दिवशी तो मीटिंगचं कारण काढील. गट कामावरून पाडा. पदावरून नको, वयावरूनही नको.

मोहफूल

संबंध नाही. पहिल्या परिच्छेदात ठळक लिहितो.

धानबांधी

वेळापत्रकाचं बोला जी. जून-जुलैमध्ये प्रवेश, त्यात आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडं रोवणी. ऑफिसातला निम्मा स्टाफ शेतकरी आहे, रोवणीला सुटी टाकतोच. ऑक्टोबर-नोव्हेंबरला हिवाळी परीक्षा आणि धान कापणी, वऱ्हाडात कापूस वेचणी. मार्चपासून उन्हाळी परीक्षा. मे महिन्यात तर पारा ४५ च्या वर, लॅबमध्ये कूलर नसेल तर मशीन आणि माणूस दोन्ही बंद पडतात. राहिलं काय? ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबर, आणि जानेवारी-फेब्रुवारी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पोळा आणि गणपती सोडून तारखा काढा.

आणि दुपारी ३ ते ५ ठेवू नका. बाहेरगावून येणाऱ्या बायांची पाचची गाडी चुकली तर पुढची थेट सातला. सकाळी ११ ते १ बरं.

ग्रंथालय_वाशीम

परिचरांना काय शिकवायचं विचारलंत. आमचा अनुभव असा, की ऑफिसातलं स्कॅनिंग प्रत्यक्षात शिपाई-परिचरच करतात. त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, आणि पुढं सगळ्यांचं काम त्यावर अवलंबून असतं.

आमच्याकडं एक परिचर भाऊ जुन्या प्रवेश-नोंदवह्या स्कॅन करायचे. प्रत्येक पान रंगीत, ३०० डीपीआय म्हणजे जास्त बारकाव्यानं, एका पानाचे कित्येक एमबी. पोर्टल म्हणतं २०० केबीच्या आत पाहिजे. मग कोणीतरी ती फाइल फुकटच्या वेबसाइटवर चढवून छोटी करणार, म्हणजे विद्यार्थ्याचं आधार, जातीचा दाखला, सगळं अनोळखी सर्व्हरवर. त्यांना मशीनवरच दाखवलं : साधा कागद असेल तर राखाडी रंग, १५० डीपीआय, फोटो-शिक्का महत्त्वाचा असेल तरच रंगीत. फाइलचं नाव 'स्कॅन००१' असं न ठेवता आधी वर्ष, मग विभाग, मग विषय. एवढ्या दोन गोष्टींनी आमचं शोधणं निम्म्यानं कमी झालं. आता तेच भाऊ नवीन आलेल्यांना दाखवतात.

ग्रंथालयात सोल किंवा कोहा हे पुस्तकांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर असतं, बारकोड असतो. परिचर पुस्तक शेल्फात ठेवतो म्हणून त्याला शोध कसा घ्यायचा ते आलंच पाहिजे. पोरगा विचारतो तेव्हा समोर तोच असतो.

सातपुडा_पायथा

मेळघाटाकडच्या कॉलेजातून लिहितो आहे. इथं ऑफिसात दोन पीसी, त्यातला एक प्राचार्यांच्या केबिनमध्ये. पावसाळ्यात लाइन गेली की दुसऱ्या दिवशीच. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. "विद्यापीठात या, लॅबमध्ये शिका" हे आम्हाला परवडत नाही. येण्याजाण्यातच दिवस जातो, आणि ऑफिसला माणूस एकच असल्यानं तो आला की कॉलेजला कुलूप.

उलटं करा. तालुक्यात एखाद्या कॉलेजची लॅब बरी असते, तिथं आसपासची चार-पाच कॉलेजं गोळा करा आणि शिकवणाऱ्याला पाठवा. सगळं साहित्य पेनड्राइव्हवर द्या, नेटशिवाय चाललं पाहिजे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे लिबरऑफिसवरचे धडे मराठीत आहेत, फुकट आहेत, उतरवून ठेवता येतात. शिकवणाऱ्याच्या जागी ते चालणार नाहीत, पण मधल्या दिवसांत सरावाला उत्तम.

आमच्या दोन्ही मशीनवर विंडोज १० आहे. त्याचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला, आणि ही मशिनं विंडोज ११ घेत नाहीत. तेव्हा तुम्ही वर्गात अगदी नवं ऑफिस शिकवलं आणि आमच्याकडं जुनंच असलं तर बटणं सापडायची नाहीत. काम शिकवा, बटणाची जागा पाठ करवू नका. "यादी गाळायची आहे" हे डोक्यात बसलं की माणूस कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये गाळणी (फिल्टर) शोधतो.

कापूसवेच

सातपुडाभाऊ, शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. अगदी नवख्या माणसाला बटणाची जागाच आधार देते. पहिले दोन आठवडे त्याला नेमक्या पायऱ्या पाहिजेत, वहीत उतरवून. नंतर हळूहळू ती वही मागं पडते. उलट क्रमानं केलं की माणूस पहिल्याच दिवशी हात टेकतो.

सातपुडा_पायथा

चालेल. पण मग वहीतल्या पायऱ्या आमच्या मशीनवरच्या पाहिजेत, तुमच्या लॅबमधल्या नकोत.

गोंडखैरी_नाका

सुरक्षिततेचा तास शेवटी ढकलू नका, शेवटचा तास नेहमी समारोपात जातो. हल्ली व्हॉट्सअॅपवर 'लग्नाची पत्रिका' म्हणून एपीके, म्हणजे फोनमध्ये अॅप टाकणारी, फाइल येते. उघडली, इन्स्टॉल केली की फोनमधले मेसेज दुसऱ्याच्या हातात, ओटीपीसह. आपल्याकडं लग्नसराईत प्रत्येकाला पत्रिका येतात, कोण शंका घेणार? पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती इन्स्टॉल करावी लागत नाही, एवढं एक वाक्य लोकांना द्या. साहेबांचा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरवरून "तातडीनं पैसे पाठवा" आलं तर आधी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन विचारा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन.

आणि ऑफिसातली सवय : पोर्टलचा पासवर्ड मॉनिटरवर चिठ्ठी लावून. एकाच लॉगिननं चार जण काम करतात, चूक झाली की नाव त्या एकाचं. जबाबदारी बाबूच्या अंगावर येते, म्हणून हे त्याच्या संरक्षणासाठी शिकवा. विद्यार्थ्यांचे आधारचे फोटो ग्रुपवर टाकणंही थांबायला हवं. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आलेला आहे.

मोहफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. आराखडा बराच बदललाय, थोडक्यात सांगतो.

लॅब एकच न ठेवता तालुक्यातली केंद्रं धरली, शिकवणारे तिकडं जातील. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबर पहिली फेरी, परीक्षा विभागाची जानेवारीत. वेळ ११ ते १. त्या दोन तासांत टेबल कोण सांभाळणार याचा नावानिशी आदेश काढायचा, कारण तसं झालं नाही तर साहेब वर्गातून माणूस उठवून नेतात, हे मी पाहिलेलं आहे. रेमिंग्टनवाल्यांना रेमिंग्टन, नव्यांना इनस्क्रिप्ट. स्कॅनिंगचा गट परिचरांसाठी, त्यात लिपिकांनाही यायची मुभा. सुरक्षितता दुसऱ्या आठवड्यात. एक्सेलला सर्वांत जास्त तास, आणि सुरुवात पीआरएनच्या सोळाव्या अंकापासून.

उपयोग झाला की नाही हे कसं बघायचं यावर खूप विचार केला. प्रमाणपत्रं मोजून काही कळत नाही. तीन महिन्यांनी प्रत्येक विभागात जाऊन बघायचं, जावक रजिस्टरातली शेवटची काही पत्रं घ्यायची आणि विचारायचं, हे कोणी टाइप केलं? टेबलवाल्यानं स्वतः केलं असेल तर शिकवणं पोचलं. ऑपरेटरनंच केलं असेल तर त्या माणसाला दोष न देता शेजारी बसून पुन्हा दाखवायचं. त्यासाठी शिकवणाऱ्यांना दर शनिवारी सकाळी 'अडलेलं विचारा' असा एक तास द्यायचा, मानधनासह.

एक गोष्ट राहिली. सरावासाठी खरी विद्यार्थी-यादी वापरायची नाही असं ठरवलंय. त्यामुळं खोट्या नावांची, पण आपल्या कामासारखी दिसणारी फाइल हवी आहे. कोणाकडं तयार आहे का?

ऑपरेटरताई

मानधनाचं वाचलं. मंजूर झालं तर इथं नक्की कळवा, आमच्याकडं तोच नमुना दाखवून प्रस्ताव टाकता येईल.

आणि शनिवारच्या तासाला प्रत्येकानं अडलेल्या पडद्याचा फोटो घेऊन यावं असं सांगा. "काहीतरी इंग्रजीत आलं होतं" यावरून काही सांगता येत नाही.

पैनगंगाकाठ

फाइल मी करतो. २०० नावं, सगळी काल्पनिक, आणि त्यात मुद्दाम खोड्या घालून ठेवतो : काही तारखा उलट्या, काही नावांपुढं जास्तीची स्पेस, दोन नोंदी दुहेरी, आडनाव कुठं आधी कुठं शेवटी, वरच्या दोन ओळी मर्ज केलेल्या म्हणजे सॉर्ट अडलंच पाहिजे. लोकांनी शोधून काढायच्या. सोबत उत्तराची वेगळी फाइल शिकवणाऱ्यांसाठी. लिबरऑफिसमध्येही उघडून तपासतो, म्हणजे सातपुडाभाऊंच्या मशीनवर अडचण नको.

रविवारपर्यंत टाकतो. पीआरएन १६ अंकीच ठेवू ना?

मोहफूल

हो, १६ अंकीच. आणि खातं क्रमांक शून्यानं सुरू होणारे घ्या.